डाव्या बाजूचं पुढचं टायर

टायरला फुगा आलाय हे मला शहागंजातल्या पंक्चरवाल्यानं दाखवलं. मी साधी हवा तपासायला थांबलो होतो. तो डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला, टायरच्या कडेवरून तळहात फिरवला आणि मान वर करून म्हणाला, "चाचा, इसका तो गाल सूजा है. देखो."

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकलो. खरंच, टायरच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढा उंचवटा आलेला. दाढ दुखणाऱ्या माणसाचा गाल दिसतो तसा.

"इसको चलाने का नै," तो म्हणाला. "रोड पे फटा तो गाडी किधर जाएगी मालूम नै. नई गाडी है ना? कंपनी के गले में डालो."

माझं डोकंच फिरलं. दसऱ्याला घेतलेली नवी कोरी गाडी, आतला नवेपणाचा वास अजून गेला नव्हता, आणि टायरला फुगा! अर्धं आयुष्य मी स्कूटरवर काढलं, तिच्या टायरला कधी असली थेरं सुचली नाहीत. भर रस्त्यात उभं राहून मी त्या टायर कंपनीचा सगळा उद्धार केला. पंक्चरवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं, स्टेपनी काढून पुढं लावली, फुगलेलं चाक मागच्या सीटवर टाकलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी गाडीत बसलो आणि सवयीनं डावीकडं तोंड करून म्हणालो, "बघितलंस का?"

सीट रिकामी होती. बायको जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि माझ्या मानेला ते अजून कळलेलं नव्हतं.

संक्रांतीला तिनं गल्लीतल्या बायकांना वाण दिलं आणि महिना उलटायच्या आत ती गेली. सकाळी चहाचं आधण ठेवायला उठली, छातीत कळ आली म्हणून ओट्याला धरून खाली बसली. मी आणि शेजारच्या वहिनींनी तिला मागच्या सीटवर निजवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बस. इतक्या झटपट तर ती बाजारालासुद्धा कधी निघाली नव्हती. तिला साधं दार ओढून निघायचं म्हटलं तरी तीनदा आत जायची.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. घर मुकुंदवाडीला, मूळ गाव फुलंब्रीजवळ. गाडी घ्यायचा हट्ट तिचा. "जन्मभर स्कूटरवर मागं बसून तुमची पाठ बघितली," ती म्हणायची, "आता शेजारी बसून जरा रस्ता बघू द्या." मी म्हटलं, ह्या वयात मला गाडी कोण शिकवणार? तिनंच क्लास लावून दिला. क्लासवरून घामाघूम होऊन आलो की ताक पुढं करायची आणि विचारायची, "आज कुणाला उडवलं?"

गाडी आली तेव्हा पहिलं काम तिनं काय केलं, तर आपली सीट खटाखट पुढं ओढून घेतली. उंची बेताची, पाय नीट टेकायचे नाहीत. ती सीट तेव्हापासून तशीच पुढं होती. दुसरं म्हणजे तिला पट्टा अजिबात सोसायचा नाही. "गळ्याला काचतंय," म्हणायची आणि लावायचीच नाही. मग ते यंत्र टुंग टुंग करत राहायचं. मी वैतागायचो. "अगं, लाव की तो बेल्ट. कान किटले." ती पदर सारखा करत बाहेर बघायची. "वाजू द्या. घरी गेल्यावर होईल गप."

ती गेल्यावर तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. मग एकेक जण निघाला. मुलगा पुण्याला परत गेला, त्याला नोकरी आहे, तो तरी किती दिवस थांबणार? फुलंब्रीची माझी थोरली बहीण, आक्का, सगळ्यात शेवटी गेली. जाताना म्हणाली, "रविवारी माज्याकडं जेवायला यायचं. नाय म्हणायचं नाय." त्या दिवशी संध्याकाळी मी एका माणसाचा भात लावला, तो तिघांना पुरेल एवढा झाला. दुसऱ्या दिवशी तोच खाल्ला, तिसऱ्या दिवशीही तोच. घरात आवाज म्हणाल तर कुकरच्या शिट्टीचा आणि टीव्हीचा. टीव्हीवर लोक एकमेकांवर ओरडत असायचे, मी बंद करायचो, आणि बंद केल्यावर वाटायचं, चालू होता ते बरं होतं.

रविवार मात्र माझा होता. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून मी गाडी काढायचो. हर्सूल मागं टाकलं की रस्ता मोकळा लागतो. आक्का दारातच बसलेली असायची. भाकरी, पिठलं, ठेचा, आणि तोंडी लावायला तिच्या सुनांच्या तक्रारी. बायको असताना आम्ही दोघं जायचो, आता मी एकटा जायचो. पण त्या दिवशी माझ्याशी कुणीतरी बोलायचं, मला रागवायचं, पानात जबरदस्तीनं वाढायचं. बाकीचे दिवस मी त्या रविवारच्या आधारानं ढकलायचो. एसटीनं जाता येत नाही असं नाही. पण माझे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढायला राजी नाहीत, आणि खरं सांगायचं तर, ती गाडी होती म्हणून मी निघायचो. गाडीत ती अजून थोडीशी होती.

टायरचं मी मुलाला फोनवर सांगितलं. चूक झाली. तिथंच घोडं अडलं.

"बाबा, फुगा असा आपोआप येत नसतो," तो म्हणाला. "तुम्ही कुठंतरी आपटली असणार."

"मी आपटली नाही."

"दुभाजकावर, खड्ड्यात, कुठंतरी. तुम्हाला कळलं नसेल."

"मला कळलं नसेल? मी काय झोपेत चालवतो का रे?"

तो हळू आवाजात म्हणाला, "मी आधीपासून म्हणतोय, विकून टाका. ह्या वयात शिकलेली गाडी. आई होती तेव्हा ठीक होतं, शेजारी कुणीतरी होतं लक्ष द्यायला. आता एकटे तुम्ही. उद्या हायवेला टायर फुटलं तर मी काय करायचं?"

त्याच्या आवाजात काळजी होती हे मला कळत होतं, पण अंगाचा तिळपापड झाला तो झालाच. म्हटलं, "टायर कंपनीचं खराब आहे. मी क्लेम करतो. कंपनीनं मान्य केलं तर?"

"मान्य केलं तर मी चूक. गाडी ठेवा, मी परत बोलणार नाही. पण नाही मान्य केलं, तर मी मे महिन्यात येतो आणि गाडी काढून टाकतो. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. ताठ्यात म्हणालो खरा, पण काय कबूल करून बसलो ते फोन ठेवल्यावर कळलं. गाडी गेली की रविवार गेला, एवढाच त्याचा अर्थ होता. म्हातारी माणसं अशीच हळूहळू घरात मिटत जातात, मी आमच्या गल्लीतच पाहिलंय.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. जालना रोडवरच्या शोरूमवाल्यांनी सांगितलं, टायर आमचं नसतं, टायर कंपनीचं असतं, तिकडं जा. टायर कंपनीचा डीलर म्हणाला, गाडीबरोबर आलेलं टायर ना? मग शोरूममधूनच क्लेम यायला पाहिजे. मी परत शोरूमला. ते म्हणाले, कस्टमर केअरला फोन करून तक्रार नोंदवा. अशी मस्त टोलवाटोलवी. खात्यात आयुष्य गेल्यामुळं हा खेळ मला नवा नव्हता, फक्त त्या वेळी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असायचो.

त्या कस्टमर केअरच्या फोनवर आधी एक बाई बोलायची. खरी नाही, यंत्रातली. "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया थोडा वेळ प्रतीक्षा करा." मग संगीत. मग पुन्हा तीच. दुपारचा चहा घेऊन मी फोन स्पीकरवर टाकून बसायचो. पुढं कुणी माणूस येवो न येवो, ती बाई मात्र न चुकता यायची. सांगायला लाज वाटते, पण त्या घरात तेवढ्या गोड आवाजात माझ्याशी दुसरं कुणी बोलत नव्हतं. तक्रार नोंदवून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी माझा हात पुन्हा फोनकडं गेला. लावला मी. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," ती म्हणाली. "व्हय गं बाई," मी म्हटलं, आणि ठेवून दिला.

शोरूमच्या चकरा सुरूच होत्या. तिथं एक मुलगी होती, विक्री विभागातली, आमची गाडी तिनंच दिली होती. ती मला बघून उठून उभी राहायची, "काका, पाणी घ्या," म्हणायची. तिनं एकदा "काकू कशा आहेत?" असं विचारलं होतं, आणि मी, का कोण जाणे, "बऱ्या आहेत," असं सांगून बसलो होतो. त्या थंडगार, काचेच्या जागेत, नव्या गाड्यांच्या मधोमध उभं राहून ते सांगणं माझ्याच्यानं झालं नाही. मग नंतर दुरुस्त करायचं राहून गेलं. तिच्यापुरती माझी बायको घरी होती.

अखेर टायर कंपनीचा माणूस येणार असा दिवस ठरला. एप्रिल लागला होता, ऊन मी म्हणत होतं. चार वेळा आक्काचा निरोप येऊन गेला होता, "यंदाच्या रविवारी बी नाय का?" स्टेपनीवर फुलंब्री गाठायची माझी तयारी होती, पण मुलानं शपथ घातली होती.

कंपनीचा माणूस तरुण, टापटीप, बोलायला नम्र. त्याची नम्रताच मला आधी खुपली. त्यानं टायर रिमवरून काढून घेतलं, आत हात घालून चाचपलं, बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि फुग्याभोवती खडूनं गोल काढला. मग माझ्याकडं वळला. "सर, ह्याला मार लागलाय. आतले धागे तुटलेत. गाडी कुठं कट्ट्यावर वगैरे चढली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

"मोठा खड्डा?"

"ह्या गावात लहान खड्डा कुठं असतो ते दाखवा मला."

तो कसंनुसं हसला. "सर, मार लागलेला असेल तर तो वॉरंटीत बसत नाही. बनवताना दोष राहिला असेल तरच आम्ही टायर ठेवून घेतो आणि बदलून देतो. नाहीतर तुमचं तुम्हाला परत."

आता मात्र माझा तोल सुटला. मॅनेजर बाहेर आला, ती मुलगी आली, दोन गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागली. मी म्हणालो, "हे टायर तुम्ही दिलं तेव्हापासूनच असलं होतं. गाडी चालवलीय कितीशी मी? घर ते फुलंब्री, फुलंब्री ते घर. रांगत जातो मी, मागचे हॉर्न मारून मारून थकतात. मी आपटली म्हणता? पुरावा काय तुमच्याकडं?"

मॅनेजर म्हणाला, "काका, डिलिव्हरीच्या वेळी टायर चेक झालेलं असतं. तेव्हा फुगा नव्हता."

"कशावरून नव्हता?" आणि मला एकदम आठवलं. "तुमच्या ह्या पोरीनं डिलिव्हरीचा व्हिडिओ काढला होता. सगळ्या गाडीभोवती फिरून काढला होता. काढा तो! बघू द्या टायर. सगळ्यांदेखत बघू द्या."

तो व्हिडिओ मी स्वतः पाहिलेला नव्हता. डिलिव्हरीच्या वेळी फोन नंबर बायकोचा दिला होता, तिच्या फोनवर तो आला होता, तिनं आपल्या बहिणींना पाठवून कौतुक करून घेतलं होतं. मला दाखवत होती तेव्हा मी पेपर वाचत होतो. आता तिचा फोन कपाटात, साड्यांच्या खाली, बंद पडलेला. तो चार्ज करायचं माझं धाडस झालेलं नव्हतं.

त्या दसऱ्याचं मला सगळं लख्ख आठवत होतं, असं मी समजत होतो. शोरूमसमोर नव्या गाड्यांची रांग. झेंडूचे हार. गुरुजी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर पळत होते. बायकोनं मोरपंखी साडी नेसलेली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक तिनं काढलं, चारी चाकांखाली लिंबं तिनं ठेवली, नारळ मी फोडला. मग निघताना ती म्हणाली, नवी गाडी पहिल्यांदा मागं घ्यायची नाही, पुढंच न्यायची. आमच्याकडं तसंच करतात. स्कूटर घेतली तेव्हाही तिनं मला मागं सरकू दिलं नव्हतं. आमच्या मागं फाटकाकडं जायला सगळी जागा मोकळी, पुढं शोरूमच्या बागेच्या कुंड्या, त्यांच्या पलीकडं रस्ता. मग कुणीतरी कुंड्या हलवल्या, वाट झाली आणि आम्ही निघालो. एवढं माझ्या लक्षात होतं. कुंड्या हलवल्या, वाट झाली.

मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही सगळे कॉम्प्युटरभोवती उभे राहिलो. मुलीनं दसऱ्याचे व्हिडिओ शोधून लावले. प्रत्येकात तीच रिबन, तीच पुठ्ठ्याची मोठी किल्ली, फक्त माणसं वेगळी. मग एकदम मोरपंखी रंग दिसला.

मी खुर्चीची पाठ धरली.

व्हिडिओ गाडीभोवती फिरत होता. डावं पुढचं टायर आलं. मुलीनं तिथं थांबवलं. टायर काळंभोर, गुळगुळीत, खाली हिरवं पिवळं लिंबू. फुगा नव्हता. मुलीनं पुन्हा चालू केलं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, मी स्टेअरिंगवर बसलेला दिसलो, शेजारी ती. बाहेरून वॉचमनचा आवाज आला, "पीछे लो साब, पीछे, आने दो."

आणि तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ भय्या! नई गाडी पीछे नै लेते. वो कुंड्या बाजू करो." मग आत वळून, "अहो, मागं घ्यायची नाय हां. पुढूनच काढा."

माझा आवाज आला, "अगं, पुढं कट्टा आहे."

"कट्टा कसला? एवढासा तर हाय. चढतीय की."

"आणि टायरला काय झालं तर?"

"नव्या टायरला काय होतंय!"

गाडी पुढं आली, डावं चाक कट्ट्यावर धाडकन आदळलं, वर चढलं, पुन्हा खाली आपटलं. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. तोंडाला पदर न लावता, मोकळं, खळखळून. पाठोपाठ माझंही हसणं. मग टुंग टुंग वाजायला लागलं आणि गाडी जालना रोडच्या गर्दीत शिरली. व्हिडिओ संपला.

मॅनेजर टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत होता. कंपनीच्या माणसानं पेन खिशाला लावलं. बिचाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा आता पुन्हा भांडणार.

"परत लावा," मी म्हणालो.

"काका, त्यात स्पष्ट दिसतंय..." मॅनेजर म्हणाला.

"मला दिसतंय हो. परत लावा."

मुलीनं परत लावला. "कट्टा कसला? एवढासा तर हाय." मी डोळे मिटून घेतले. मला चित्र नको होतं, आवाज पाहिजे होता. ती गेल्यापासून तो मी ऐकला नव्हता, आणि मला भीती वाटायला लागली होती की तो आपल्याला नीट आठवत नाही. इथं तो अख्खा होता. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "अजून एकदा," तेव्हा मुलीनं माझ्याकडं बघितलं. तिचा हात माउसवर थांबला.

"काका, काकू..."

"नाहीत आता," मी म्हणालो. "संक्रांतीनंतर गेल्या. तुला मी खोटं सांगितलं होतं, पोरी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लपवलं नाही मी. कंपनीच्या माणसाकडं वळून म्हणालो, "तुमचं बरोबर आहे, साहेब. मार लागलाय. क्लेम नामंजूर करा."

तो गोंधळला. "सर, मी वर बोलून बघतो, काही सूट वगैरे..."

"काही नको. टायर मला परत मिळेल ना?"

"हो सर. रिजेक्ट झालं की तुमचंच."

"मग रिजेक्टच करा."

मुलीनं व्हिडिओ माझ्या फोनवर पाठवला. नवं टायर बसवेपर्यंत मी बाहेर बाकावर बसलो आणि तो मुलाला पुढं धाडला. वर एक अक्षर लिहिलं नाही. निकाल काय तो त्यात होताच. आता मे महिना, आता गिऱ्हाईक बघणं, हे सगळं मी मनाशी कबूल करून टाकलं होतं. समोर तो कट्टा होता. कुंड्या पुन्हा जागेवर आल्या होत्या. खरंच एवढासा तर होता.

मुलाचा फोन आला. मी उचलला. पलीकडं ऑफिसातला गलका ऐकू येत होता. मग तो कुठंतरी बाहेर गेला असावा, गलका थांबला.

"बाबा," तो म्हणाला, "आई म्हणतीय, नव्या टायरला काय होतंय." आणि हसायला लागला. हसता हसता त्याचा आवाज फाटला. पुरुषासारखा पुरुष, एका लेकराचा बाप, तिकडं जिन्यात नाहीतर कुठं उभा राहून रडत होता, आणि मी इकडं जालना रोडवर. तेराव्यापर्यंत आम्ही दोघं एकमेकांसमोर दगडासारखे वागलो होतो. पाहुण्यांची सोय, टेंपो, मांडव, एवढंच बोललो होतो.

"जेवलात का?" त्यानं शेवटी विचारलं.

"जेवतो आता."

"रविवारी आत्याकडं जाणार ना?"

"टायर नवं बसतंय. जाईन म्हणतो."

"सावकाश जा," तो म्हणाला. विकायचं त्यानं काढलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

फिटर जुनं टायर घेऊन आला. मागची डिक्की सीएनजीच्या टाकीनं आणि स्टेपनीनं भरलेली. त्यानं मागचं दार उघडलं. मी म्हणालो, "मागं नको. पुढं ठेवा, सीटवर."

"पुढं बसणार नाही काका. सीट मागं सरकवू का?"

"सीटला हात लावू नका. आहे तशीच बसवा."

त्यानं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं, पण दाबून दाबून बसवलं. फुगा आणि त्याच्याभोवतीचा खडूचा गोल माझ्या बाजूला आला. वॉचमननं शिट्टी वाजवली, "पीछे लो चाचा, आने दो, आने दो," आणि मी मुकाट्यानं गाडी मागं घेतली, नीट, आरशात बघून, तिनं कपाळाला हात लावला असता एवढी नीट.

रस्त्याला लागलो तसं टुंग टुंग सुरू झालं. टायरचं वजन सीटवर पडलं होतं, गाडीला वाटलं माणूस बसलंय आणि पट्टा लावलेला नाही. पहिल्या सिग्नलला थांबलो. शेजारच्या रिक्षावाल्यानं आत डोकावून बघितलं, म्हणाला, "चाचा, बेल्ट लगा दो उसको, बंद होता."

"मालूम है," मी म्हणालो.

सिग्नल सुटला. मुकुंदवाडी येईपर्यंत मी ते वाजू दिलं.